मास्तरांच्या मापाच्या वायरी

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. शाळेचं आणि त्यांचं फारसं जमलंच नाही. वडील शिंपी, दुकान वडिलांचं, तेव्हा पोरवयातच त्यांच्या हातात खडू आला तो फळ्यावर लिहायचा नव्हे, कापडावर रेघा मारायचा. पुढे त्या गल्लीतल्या आजोबांच्या, मुलांच्या आणि नातवांच्या विजारी त्यांनीच शिवल्या. माणूस दारातून आत आला की त्यांची नजर चेहऱ्याआधी खांद्यांवर जायची. कुणाचा डावा खांदा उतरलेला, कुणाचं पोट गेल्या वर्षीपेक्षा पुढे आलेलं, सगळं टेप लावायच्या आधीच टिपलेलं असायचं. बायको म्हणायची, "यांना माणसाचं नाव आठवणार नाही, पण कंबर विसरणार नाहीत."

पुढे तयार कपडे आले, शिवून घेणारे कमी झाले, आणि मास्तरांकडे राहिलं ते आल्टरचं काम. पँटची उंची कमी कर, कमरेत सैल कर, चेन बदल. दुसरा एखादा कपाळाला हात लावून बसला असता. मास्तरांचा स्वभाव तसा नव्हता. ते म्हणायचे, "कपडा कुठेही शिवलेला असू दे, अंगाला बसवायला शेवटी माझ्याकडेच येतो ना? मग झालं तर." दुपारच्या जेवणानंतर ते दुकानातच खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी काढत, आणि गिऱ्हाईक आलं की डोळे न उघडताच "बसा" म्हणत.

पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि वर जिन्याने दोन खोल्या, असं त्यांचं घर. काजं, बटणं, हातशिलाई हे बायकोकडे. तिचा टाका मास्तरांच्या टाक्यापेक्षा बारीक होता, हे दोघांनाही ठाऊक होतं, बोलून मात्र कुणी दाखवत नव्हतं. वरच्या मागच्या खोलीत त्यांची लेक. तिची नोकरी घरात बसून करायची. कुणाचं पार्सल हरवलं, कुणाचं भलत्याच घरी गेलं, अशा चिडलेल्या माणसांशी कॉम्प्युटरवर बोलून त्यांना शांत करायचं. पण घराच्या भिंती जुन्या आणि जाड, राउटर खाली दुकानात. वरपर्यंत वायफाय पोचता पोचता त्याला धाप लागायची. आधीच चिडलेला माणूस मध्येच आवाज तुटला की आणखी भडकायचा, आणि शिव्या हिच्या वाट्याला.

शेवटी लेकीने तयार केबल विकत आणली. छोटी आणली असती तर जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंतच पोचली असती, म्हणून मोठी आणली. ती इतकी मोठी निघाली की उरलेल्या वायरीचं वेटोळं जिन्याखाली पडून राहिलं. काम चालू झालं, लेक खूश. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई चहाचे कप घेऊन वर निघाली, वेटोळ्यात तिचा पाय अडकला, आणि कप खाली, चहा वायरीवर, आणि ती स्वतः कठड्याला धरून कशीबशी उभी.

"ही वायर या घरात राहील नाहीतर मी राहीन," ती म्हणाली.

"दोघीही राहा," मास्तर म्हणाले आणि गळ्यातला टेप काढला.

राउटरपासून भिंतीच्या कडेने, जिन्याच्या कोपऱ्यातून, दाराच्या चौकटीवरून लेकीच्या टेबलापर्यंत त्यांनी माप घेतलं. वळणावर टेप दुमडला की तिथे चार बोटं जास्त धरली. मग शेजारच्या दुकानात गेले.

शेजारचं दुकान ताईचं. कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, सुटे भाग विकायचे. वयाने मास्तरांपेक्षा बरीच लहान, पण सगळी गल्ली तिला ताई म्हणते म्हणून मास्तरही ताईच म्हणायचे. दोन्ही दुकानांची पायरी एकच. ताईच्या खिशात कायम भाजलेले शेंगदाणे असत आणि हसणं असं, की मास्तरांची डुलकी मोडायची.

"ताई, एवढ्या मापाची वायर आहे का?"

"एवढीच अशी नाही मिळत मास्तर. एक तर याच्या निम्मी, नाहीतर दुप्पट. पण पेटीतल्या मोठ्या गुंडाळीतून कापून देते की. पॅच केबल बनवायला कितीसा वेळ लागतो?"

"पॅच?" मास्तर थबकले. "नव्या वायरीला ठिगळ कशाला?"

ताई खुर्चीत मागे रेलून हसत राहिली. मग तिने सांगितलं, की दोन यंत्रं एकमेकांना जोडायच्या छोट्या वायरीला पॅच केबल म्हणतात, ठिगळाशी तिचा संबंध नाही. "असेल कधीकाळी, मला माहीत नाही," असंही वर म्हणाली.

तिने पेटीतून वायर ओढली, कापली आणि टोकाचं वरचं आवरण सोलून काढलं. आत बारीक रंगीत तारांच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घालून बसलेली. ताईने पीळ सोडवले, तारा बोटांत धरून सरळ केल्या, ओळीने लावल्या, टोकं एका रेषेत कापली आणि नखाएवढ्या काचेसारख्या प्लगात सारल्या. मग पकडीत घालून दाबलं. कट्, झालं. दुसरं टोकही तसंच. टेस्टर नावाच्या डबीला दोन्ही टोकं लावली तर एकामागून एक आठ दिवे लागत गेले.

मास्तर ते बघत राहिले. इतकं नेटकं काम त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. ती वायर त्यांनी घरी भिंतीच्या कडेने खिळ्यांच्या कड्यांनी बसवली, तर कुठे ताण नाही, कुठे लोंबणं नाही. अंगावर बेतलेल्या कोटासारखी ती घराला बसली. बायकोने जिन्यावरून दोनदा वर-खाली करून बघितलं आणि काही बोलली नाही. याचा अर्थ पसंत.

दुसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा ताईच्या दारात. "मला शिकव."

ताईने जुनी पक्कड दिली, वायरीचे तुकडे दिले, प्लगांची पिशवी दिली. पिशवीत एक छापील कागद होता, त्यावर तारांचा क्रम रंगात दाखवलेला. "यावरून करा. अडलं तर हाक मारा," म्हणाली.

मास्तरांना अडलं, पण त्यांनी हाक मारली नाही. इथेच सगळं बिनसलं.

झालं असं, की कागदावर आधी पांढरी-केशरी आणि तिच्याशेजारी केशरी, हे ठीक होतं. शेवटी पांढरी-चॉकलेटी आणि चॉकलेटी, हेही ठीक. पण मध्ये पांढरी-हिरवी आली की तिच्याशेजारी हिरवी यायला हवी, तर तिथे निळी. मग पांढरी-निळी, आणि मग कुठे हिरवी. मास्तरांनी कागद उजेडात धरला, उलटा करून बघितला. चारपैकी तीन जोड्या शेजारी शेजारी आणि हिरवीचीच ताटातूट? छापणाऱ्याची चूक, दुसरं काय. शिलाईच्या पुस्तकात त्यांनी असल्या चुका पाहिल्या होत्या. एकदा तर शर्टाच्या कटिंगच्या कागदावर दोन्ही बाह्या डाव्याच छापून आल्या होत्या. तेव्हा मास्तरांनी क्रम सरळ केला. केशरीजवळ केशरी, हिरवीजवळ हिरवी, निळीजवळ निळी. दोन्ही टोकांना तसंच. टेस्टर लावला तर आठही दिवे ओळीने लागले.

"छापणाऱ्याने घोळ घातला होता," ते बायकोला म्हणाले. "मी नीट केला."

"मग कळवा त्याला," ती काजं करता करता म्हणाली. "बिचाऱ्याला माहीत नसेल."

महिन्याभरात मास्तरांचा हात बसला. कुणाला वीतभर वायर हवी, कुणाला हातभर, कुणाला कपाटामागून वळवून न्यायची. ताई गिऱ्हाइकांना मास्तरांकडे पाठवू लागली. फोटो स्टुडिओवाल्याला दोन यंत्रांमध्ये अगदी छोटा तुकडा हवा होता. कोपऱ्यावरच्या गाण्याच्या बाई घरून शिकवणी घेत, त्यांच्या पेटीवर ठेवलेल्या कॉम्प्युटरसाठी एक. मास्तर टेप घेऊन जात, माप घेत, संध्याकाळपर्यंत वायर तयार. लोक दुकानात येऊन म्हणत, "मास्तर, माप द्यायचंय," आणि मास्तर विचारत, "तुमचं का तुमच्या भिंतीचं?"

अशात समोरच्या इमारतीत दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नवा दवाखाना काढला. खोल्या लांबट, एका टोकाला स्वागताचं टेबल, दुसऱ्या टोकाला एक्स-रेची खोली, मध्ये दोन खुर्च्या. कॉम्प्युटरचं काम ताईला मिळालं, आणि ती मास्तरांनाही सोबत घेऊन गेली. डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पेशंट तोंड उघडून आडवा पडलेला असतो आणि मी त्याच्याभोवती फिरत असते. पायात एकही वायर यायला नको. कुठे वेटोळं दिसायला नको."

ताईने मास्तरांकडे बघितलं. मास्तर आधीच टेप उलगडत होते.

त्यांनी ते काम लग्नाचा सूट शिवावा तसं केलं. प्रत्येक वायर भिंतीवरच्या पोकळ प्लास्टिक पट्टीतून निघून यंत्राच्या पाठीत बरोबर शिरायची, बोटभरही जास्त नाही. ताईने टेस्टर लावून बघितला, दिवे ओळीने लागले, आणि तिने मान डोलावली. दवाखाना सुरू झाला. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना मुद्दाम बोलावून सांगितलं, "इतकं स्वच्छ काम मी पाहिलं नव्हतं." मास्तर त्या दिवशी घरी शीळ घालत आले.

मग एक्स-रेचं नवं यंत्र बसलं आणि रड सुरू झाली. दाताचा फोटो काढला की तो दुसऱ्या टोकाच्या पडद्यावर दिसायला हवा. तो निम्मा यायचा आणि थांबायचा. वरचा जबडा दिसायचा, खालचा येईपर्यंत पेशंट चूळ भरून मोकळा. यंत्रवाला आला, त्याने यंत्र तपासलं आणि म्हणाला, "यंत्र ठणठणीत आहे. वायरी बघा."

ताई आली. टेस्टर लावला, दिवे नीट. तिने डोकं खाजवलं, दुकानात जाऊन एक लांबलचक तयार केबल आणली आणि सरळ जमिनीवरून टाकली. फोटो डोळ्याची पापणी लवायच्या आत पडद्यावर. वरचा जबडा, खालचा जबडा, सगळं.

मास्तर दारात उभे होते.

ताईने पट्टीतली वायर काढली, तिचं टोक खिडकीतल्या उजेडात धरलं. प्लग काचेसारखा, आतल्या तारा स्पष्ट दिसत होत्या.

"मास्तर, हा क्रम कुठून आणलात?"

"कागदावरचा चुकीचा होता. मी सरळ केला."

ताई नेहमीसारखी हसली नाही. "कागद बरोबर आहे. तो तसाच असतो, सगळ्या जगात."

"पण हिरवी जोडी तुटते ना त्यात?"

"तुटत नाही, लांब बसते. ही बघा, तिसरी जागा आणि सहावी जागा. या दोघी मिळून एक काम करतात. एकमेकींना पीळ घालून आलेल्या असल्या तर बाहेरचा गोंगाट त्यांना बाधत नाही. तुम्ही तिसरीवर हिरव्यातली बसवलीत आणि सहावीवर निळ्यातली. आता तिचं बोलणं हिला लागतंय आणि हिचं तिला. हातभर वायरीत खपून जातं. एवढ्या लांब वायरीत, आणि एवढा मोठा फोटो जायचा म्हटल्यावर, नाही खपत."

"पण दिवे लागले होते ना सगळे?"

"टेस्टर एवढंच बघतो, की तार तिकडे पोचली का. कुणाच्या सोबतीने पोचली ते तो विचारत नाही." ताईने वायर खाली ठेवली. "मीपण दिवे बघून गप्प बसले. एक नजर टाकली असती तर दिसलं असतं. चूक माझीही आहे."

आयुष्यभर मास्तरांनी इतरांच्या चुका दुरुस्त केल्या होत्या. जी चूक नव्हती तीच त्यांनी यावेळी दुरुस्त केली होती. क्षणभर मनात आलं, ताई म्हणतेय चूक तिचीही आहे, तर होऊ द्यावं निम्मं निम्मं. पण डॉक्टरीणबाई आत येताच ते पुढे झाले.

"बाई, यंत्राचं काही नाही, ताईचंही नाही. तारा मी चुकीच्या लावल्या. कागदावर बरोबर होतं, मला वाटलं मला जास्त कळतं."

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे बघितलं. चेहरा काही प्रसन्न नव्हता. बाहेर पेशंट खोळंबले होते. "ठीक आहे. ताई, तयार वायरी टाकून द्या. लोंबल्या तर लोंबल्या."

"आज त्या टाकाच," मास्तर म्हणाले. "तुमचं काम अडायला नको. पण रविवारी तुमचं बंद असतं. तो दिवस मला द्या. मी शिवलेली विजार तंग झाली तर गिऱ्हाइकाने दुसरीकडून आणावी असं मी कधी म्हटलं नाही."

त्यांनी दाराबाहेरच्या पेशंटना हाताने थांबायला खुणावलं. मग म्हणाल्या, "रविवारी संध्याकाळी मी येऊन बघेन. नाही झालं तर तयार वायरीच राहतील."

घरी येऊन मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने सुई कापडात टोचून ठेवली, ऐकून घेतलं.

"अति शहाणा, त्याचा बैल रिकामा," ती म्हणाली. मग त्यांचा चेहरा बघून, "जेवून घ्या आधी."

जेवताना मास्तर म्हणाले, टोकं कापायची, नवे प्लग लावायचे, झालं. टाका उसवता येतो, पण एकदा दाबलेला प्लग उसवता येत नाही, कापावाच लागतो. बायकोचा घास हातातच राहिला.

"दोन्ही टोकं कापली तर वायर पुरेल का? तुम्ही तर बोटभरही जास्त ठेवली नव्हती."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. शिवलेल्या प्रत्येक कपड्यात ते आतून दाब सोडत. उद्या माणूस सुटला तर उसवून सैल करता यावं म्हणून चांगला दोन बोटं दाब. आणि वायरीत? वायर काय जाडी होते, असं वाटून त्यांनी तसूभरही सोडलं नव्हतं.

"म्हणजे सगळ्या नव्यानेच कराव्या लागणार," ते म्हणाले.

"जुन्या कापून छोट्या होतील, वाया नाही जाणार. आणि रविवारी मी येते. तुम्हाला हल्ली चॉकलेटी आणि केशरी यांतला फरक कळत नाही. परवा माझ्या ब्लाउजला कुठलं बटण आणलंत बघा."

हे खरं होतं. वर्षभरापासून मास्तरांच्या डोळ्यांवर धुरकट पडदा आल्यासारखं झालं होतं. पांढऱ्या तारेवरची केशरी रेघ आणि चॉकलेटी रेघ त्यांना सारखीच वाटायची. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोच्या मात्र बटणावरून लक्षात आलं होतं.

रविवारी दोघं दवाखान्याच्या बाकावर बसली. वायरीची पेटी मध्ये, ताई पट्ट्या उघडून वायरी घालायला. मास्तर कापत, सोलत, पीळ सोडवत. बायको क्रम सांगे. सुरुवातीला कागदात बघून, मग न बघता.

"पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-चॉकलेटी, चॉकलेटी."

"तुझ्या लक्षात कसं राहिलं?"

"सोपं आहे. निळ्यांचं जोडपं आधी येऊन बसलंय. हिरवी नवरा-बायको उशिरा आली, म्हणून एक या बाजूला, एक त्या बाजूला. आपण बसमध्ये बसतो तशी. बाकाच्या दोन टोकांना बसलो म्हणून नवरा-बायको नाही का आपण?"

मास्तर हातातली पक्कड खाली ठेवून हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. ताईने आतून ओरडून विचारलं काय झालं, आणि ऐकल्यावर तिचं हसणं रिकाम्या दवाखान्यात घुमलं.

दुपारी बायकोने एका प्लगाकडे बघून मान हलवली. "हा परत करा. वरचं आवरण प्लगाच्या आत गेलं नाही. ओढला की तारा निसटतील."

"चालेल की."

"नाही चालणार. काज विरलेलं चालतं का?"

मास्तरांनी तो कापला आणि परत केला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. वायरी पट्टीत जाऊन बसल्या होत्या, यंत्राच्या मागे छोटीशी गोलाई ठेवलेली, दाबाची. बघायला नीटस. "पण फोटो काढून बघायचा तर पेशंट हवा," त्या म्हणाल्या.

"मी आहे की," मास्तर म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

फोटो काढला. बायको आणि ताई दुसऱ्या टोकाला पडद्यासमोर उभ्या. मास्तरांचे सगळे दात एका झटक्यात समोर आले, वरचे, खालचे, मुळांसकट. ताईने टाळी वाजवली. डॉक्टरीणबाई मात्र पडद्याजवळ वाकून बघत राहिल्या.

"चित्र उत्तम आलं," त्या म्हणाल्या. "दाढ वाईट आहे. ही मागची. दुखत नाही?"

"दुखते," मास्तरांऐवजी बायकोनेच सांगितलं. "थंड प्यायलं की गाल धरून बसतात. विचारलं तर म्हणतात काही नाही."

तर त्या रविवारी मास्तर वायरी दुरुस्त करायला गेले आणि सोमवारची दाढेची वेळ घेऊन आले. तयार वायरी डॉक्टरीणबाईंनी ताईला परत नेऊ दिल्या. मास्तरांना वेगळं काही म्हणाल्या नाहीत, पण पुढच्या महिन्यात दवाखान्यात घालायचे दोन पांढरे कोट शिवायला त्यांच्याचकडे आल्या. खिसे कुठे आणि किती खोल, यावर दोघांचं बराच वेळ बोलणं चाललं.

एवढ्यावर मास्तरांनी थांबायला हरकत नव्हती. छोट्या वायरी चालतच होत्या, कुणाची तक्रार नव्हती. पण ते नवे तुकडे घेऊन ज्याच्या त्याच्या घरी गेले. फोटो स्टुडिओवाल्याने काही न विचारता बदलून घेतली. गाण्याच्या बाई मात्र ऐकेनात.

"अहो, माझं सुरळीत चाललंय. मला काही त्रास नाही."

"मला आहे," मास्तर म्हणाले.

बाईंनी शिकवणी थांबवली, वायर बदलू दिली, आणि आत जाऊन दाढ दुखणाऱ्याला सोसेल असा कोमट चहा आणून दिला. दाढेची बातमी गल्लीभर झाली होती.

पावसाळा सरता सरता मास्तरांच्या डोळ्यांचं निदान झालं, मोतीबिंदू. एका डोळ्याचं ऑपरेशन करायचं, मग थोडं थांबून दुसऱ्याचं. तेवढे दिवस शिलाई बंद, वाकून बारीक काम बंद, हिरवी पट्टी लावून नुसतं बसायचं. बसणं मास्तरांना जमत होतं, पण घेतलेली कामं होती. त्यांतल्या कपड्यांना लोक थांबायला तयार होते. वायरीला कोण थांबतंय? एका सकाळी वाचनालयाचा माणूस माप सांगून गेला, आणि दुपारी मास्तरांना डुलकीत कट् असा आवाज ऐकू आला. मग आणखी एक.

"कोण आहे?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"मी आहे. झोपा तुम्ही."

पट्टी निघाली त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर बायकोने बनवलेली वायर खिडकीत धरली. रंग असे लख्ख दिसले, की ते बघतच राहिले. निळा इतका निळा असतो हे ते विसरूनच गेले होते. मग त्यांनी तारा बघितल्या. काटकोनात कापलेली टोकं, सगळी प्लगाच्या भिंतीला टेकलेली, आवरण व्यवस्थित आत दाबलेलं. त्यांनी आपली एक जुनी वायर शेजारी धरली. काही बोलायची गरजच नव्हती, तरी ते बोलले.

"तुझी माझ्यापेक्षा चांगली आहे."

बायको भाजी निवडत होती. "बटणं लावून लावून बोटांना सवय झाली," ती म्हणाली. पण मान खाली असली तरी तिला आनंद झालेला त्यांना दिसला. त्यांचे डोळे आता चांगले होते.

तेव्हापासून वायरीचं काम तिच्याकडे गेलं. मास्तर वायर कापून, सोलून देतात, पुढचं सगळं ती करते. सुरुवातीला लोक दारात येऊन "मास्तर आहेत का?" विचारत. मग त्यांचं त्यांनाच कळायला लागलं. आता विचारतात, "काकू आहेत का?" आणि मास्तर मशीनवरून मान वर न करता "आत आहेत, बसा," म्हणतात. एकदा ताईने त्यांना छेडलं, "मास्तर, तुम्ही शिकलात माझ्याकडून आणि नाव झालं काकूंचं."

"बरं झालं की," मास्तर म्हणाले. "काजं इतकी वर्षं तीच करतेय. नाव माझ्या पाटीवर."

मध्यंतरी एका मोठ्या ऑफिसचा माणूस आला होता. सगळ्या मजल्यांसाठी वायरी हव्या होत्या, एकसारख्या, एका मापाच्या. लेक वरून धावत खाली आली, ताईही ऐकायला पायरीवर आली. बायकोने शांतपणे विचारलं, "सगळ्या एकाच मापाच्या?"

"हो."

"मग कारखान्यातल्या घ्या. एका मापाच्या त्यांच्याकडे छान होतात, आणि आमच्यापेक्षा पक्क्या. जिथे माप बसणार नाही, तिथल्या मला सांगा."

माणूस गेल्यावर लेक थोडी हिरमुसली. आठवड्याने तोच माणूस परत आला, एका खोलीचा आडवातिडवा नकाशा घेऊन. तिथे खांब मध्ये आला होता आणि तयार वायर कुठलीच बसत नव्हती.

दुपारी दोघं माप घ्यायला निघाली. बायकोने पिशवीत पक्कड टाकली, टेस्टर टाकला. मास्तरांनी दुकानाला कुलूप लावलं आणि ताईला सांगितलं, कुणी आलं तर बसवून ठेव. वाटेत बायको म्हणाली, खांबाला वळसा घालायचा तर वायर वरून न्यावी. मास्तर म्हणाले, खालून. त्यावर बोलत बोलत दोघं रस्त्याच्या टोकापर्यंत गेली आणि तिथून उजवीकडे वळली.